तंजावर ‘आपलं’ नाही, म्हणूनच जा

डिसेंबर जवळ आला की एक मेसेज हमखास येतो. ‘चार दिवस सुट्टी आहे. मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी करतोय. वाटेत तंजावर अर्ध्या दिवसात होईल ना? आपलंच आहे, बघायला पाहिजे.’

या मेसेजमधले दोन शब्द मला खुपतात. एक ‘अर्ध्या दिवसात’ आणि दुसरा ‘आपलंच’. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: तिथं काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, आता जाऊन फक्त हजेरी लावायची. आपण अष्टविनायक ‘करतो’, मदुराई ‘करतो’, तसंच तंजावरही करून टाकायचं. माझं म्हणणं एवढंच की या तयारीनं जाणार असाल तर जाऊ नका. तिकिटाचे पैसे वाचवा, रील घरी बसूनही बघता येतं.

रील कोणतं ते सांगायला नको. मोठ्या देवळाचा ड्रोनशॉट, ढोल-ताशा, ‘दक्षिणेत फडकलेला भगवा’ आणि शेवटी हुकमाचा पत्ता, ‘सांबार आपलं आहे.’ संभाजीराजे तंजावरला आले, आमसुलं संपली होती, म्हणून आमटीत चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून ‘सांबार’ झालं, ही ती गोष्ट. गोष्ट झकास आहे. पण तिच्यामागे त्या काळातला पक्का कागद कुणी दाखवलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. पावणेदोनशे वर्षांच्या राजवटीतून आपण काय उचललं, तर एका वाटीतल्या पदार्थावरचा मालकी हक्क, तोही पुराव्याशिवाय.

आता कागदावर असलेली गोष्ट घेऊ. व्यंकोजी भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, तंजावरला पोचले ते आदिलशाहीचे सरदार म्हणून. मदुराईच्या नायकानं तंजावरच्या नायकाचं राज्य घेतलं होतं, ते परत मिळवून द्यायला विजापूरनं त्यांना धाडलं. १६७५-७६च्या सुमारास त्यांनी ते स्वतःच ताब्यात घेतलं. पुढे १६७७मध्ये महाराज दक्षिणेत आले, तेव्हा वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून दोघा भावांत चांगलंच बिनसलं. हा इतिहास लपवण्यासारखा नाही, पण तीस सेकंदांच्या ढोल-ताशात तो मावतही नाही.

ज्याला सगळे ‘मराठा पॅलेस’ म्हणतात त्या वाड्याचंही तेच. तो मुळात नायकांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी त्यात भर घातली. तिथली प्रसिद्ध सरस्वती महाल लायब्ररीदेखील नायकांच्या काळापासूनची. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ती वाढवून जगप्रसिद्ध केली. म्हणजे तंजावरचे मराठे एका भरल्या घरात राहायला गेले आणि त्यांनी आधीच्यांचं सामान बाहेर फेकलं नाही. त्यांच्या कामगिरीत मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. नेमकी तीच आपण सांगत नाही.

व्यंकोजींचा मुलगा शहाजी. कारकीर्द १६८४ ते १७१२. त्याच्या नावावर तेलुगू नाटकं आहेत, मराठी आहेत, आणि ‘पंचभाषा विलास’ नावाचं एक नाटक आहे, ज्यात पात्रं पाच भाषांत बोलतात. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३च्या सांगलीत धरतो. त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी तंजावरात मराठी नाटकं लिहिली जात होती. ती तिथं लिहिली गेली, कारण त्या दरबारात तेलुगूतल्या यक्षगानाची परंपरा जिवंत होती आणि राजा ती शिकत होता. शेजारच्याकडून शिकला म्हणून त्याला स्वतःच्या भाषेत नवं काही करता आलं.

सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमानं चालतो, त्याची घडी या चौघांनी बसवली. स्वतः सरफोजींच्या नावावर नृत्यासाठीच्या मराठी रचना आहेत. तमिळ नर्तिका, तेलुगू पदं आणि मराठी राजा. यात ‘आपलं’ कुठं संपतं आणि ‘त्यांचं’ कुठं सुरू होतं, ते कुणी रेघ ओढून दाखवावं.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तुमच्यासारखाच गेलो होतो. हातात एकच यादी: मराठी शिलालेख, मराठी राजवाडा, मराठी हस्तलिखितं. मोठ्या देवळापाशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजत होता आणि देऊळ बंद झालं होतं. दक्षिणेतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बंद असतात, संध्याकाळी चारच्या सुमारास उघडतात. ही साधी गोष्ट मी पाहिली नव्हती, कारण माझ्या लेखी ते देऊळ म्हणजे एका मराठी शिलालेखाची भिंत होती. चार वाजता आत गेलो आणि चप्पल काढल्याबरोबर कळलं की दिवसभर तापलेल्या दगडावर माणूस उभा राहत नाही, नाचतो. शिलालेख सापडला. १८०३मध्ये सरफोजींनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत, भिंतीवर लांबच लांब पसरलेला. मी फोटो काढले, ऊर भरून आला आणि निघालो.

काय सोडून निघालो, ते फार नंतर वाचताना कळलं. त्याच देवळाच्या दगडावर राजराज चोळानं हजार वर्षांपूर्वी चारशे नर्तिकांची यादी कोरून ठेवली आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठून आली, तिला कोणत्या रस्त्यावरचं कितवं घर दिलं आणि वर्षाला किती भात मिळणार, सगळं. वादक, गवई, शिंपी, हिशेबनीसही त्या लेखांत आहेत. देऊळ पुरं झालं १०१०च्या सुमाराला. आठशे वर्षांनी सरफोजींना आपल्या घराण्याचा इतिहास कोरावासा वाटला, तेव्हा त्यांनीही दगडावर लिहिण्याची तिथलीच रीत उचलली. चोळांची ती यादी माहीत नसेल, तर त्या मराठी शिलालेखाचं मोलही कळत नाही. मी पाहुण्याच्या घरी जाऊन फक्त स्वतःचा फोटो भिंतीवर लावलाय का ते बघून परतलो होतो.

जाता जाता तो गाइड-छाप चमत्कारही निकालात काढू. ‘या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही.’ पडते. संध्याकाळी अंगणात बसा, ती पूर्वेकडे लांबत जाताना दिसते, आणि तिच्या गारव्यात आसपासची माणसं पोराबाळांना घेऊन बसलेली असतात. खोट्या चमत्कारापेक्षा हे दृश्य कितीतरी चांगलं आहे, फक्त त्यासाठी दोन तास बसावं लागतं.

इथं दोन आक्षेप येणार, ते मला ठाऊक आहेत.

पहिला: ‘सुट्टी कुठंय? पैसे कुठंयत?’ रास्त आहे. पण चार दिवसांत चार शहरं करायला जो खर्च येतो, त्यातला निम्मा रस्त्यावर जातो. दिवस वाढवू नका, शहरं कमी करा. रामेश्वरम कुठं पळून जात नाही. तिरुचिरापल्लीला उतरा, तिथून साठेक किलोमीटरवर तंजावर. तीन रात्री एकाच ठिकाणी मुक्काम. आणि एक लक्षात ठेवा, तिथला पावसाळा आपल्या वेळापत्रकानं चालत नाही. कावेरीच्या त्या मुलखात मोठा पाऊस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतो. जानेवारीत जाता आलं तर पोंगल गाठा. मट्टु पोंगलच्या दिवशी देवळातल्या अवाढव्य नंदीला भाज्या-फळांनी मढवतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘म्हणजे अभिमान बाळगायचाच नाही?’ बाळगा की. पण कशाचा, ते नीट ठरवा. जमीन जिंकल्याचा अभिमान तर तंजावरात फार टिकणारही नाही. १७९९मध्ये सरफोजींनी राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीच्या हवाली केला. १८५५मध्ये पुरुष वारस नाही म्हणून उरलीसुरली गादीही गेली. राज्य हातातून गेल्यावर हा माणूस काय करत बसला? ग्रंथ जमवत, नकला करवून घेत, वैद्यक शिकवत आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी ठेवत. त्या ग्रंथालयात आज तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आहेत, पण सगळ्यात मोठा साठा संस्कृतचा आहे, शिवाय तमिळ, तेलुगू आणि युरोपीय भाषांतली पुस्तकं. अभिमान धरायचा तर सत्ता गेल्यावरही शिकत राहिलेल्या या माणसाचा धरा.

आणि राजांना नाही म्हणणाऱ्यांनाही भेटा. तंजावरपासून तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. तिथं त्यागराज राहिले. सरफोजींनी दरबारात बोलावलं आणि त्यागराजांनी धनापेक्षा रामाची सेवा मोठी म्हणत नकार दिला, अशी आख्यायिका आहे. त्या नकाराच्या गोष्टीत राजा मराठी आहे, आपण सहसा हे सांगत नाही. कावेरीकाठची त्यागराजांची समाधी विसाव्या शतकात बांधून घेतली बंगळुरू नागरत्नम्मांनी. त्या देवदासी समाजातल्या. तिथल्या उत्सवात बायकांना गायला बंदी होती, तर त्यांनी स्वतःचा वेगळा उत्सव सुरू केला. तंजावरच्या मराठा दरबारातली कवयित्री मुद्दुपळनी, तिचं तेलुगू काव्यही नागरत्नम्मांनीच पुन्हा छापलं आणि इंग्रज सरकारनं ते अश्लील ठरवून जप्त केलं. तुमच्या नियोजनात तिरुवैयारूसाठी एक सकाळ नसेल तर तुम्ही तंजावरचं निम्मं संगीत वगळलं.

‘सांस्कृतिक शहर’ हा शब्दही जरा जपून वापरा. देवळातले दिवे, नर्तिकांचा भात, दरबारातली नाटकं, हे सगळं कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीवर उभं होतं, आणि ती शेती कसणारे बहुतेक हात त्या देवळाच्या आत येऊ शकत नव्हते. २५ डिसेंबर १९६८ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीत वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या ४४ जणांना जाळून मारलं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. पुढे वरच्या कोर्टात जमीनमालक सुटले. तुमच्या बसच्या खिडकीतून जे हिरवंगार दिसतं, त्यात हेही आहे. ते ठाऊक असलं म्हणजे देवळाचं सौंदर्य कमी होत नाही. त्याची किंमत कुणी मोजली तेवढं कळतं.

आता भाषेबद्दल, कारण खरी मेख तिथंच आहे. मुंबई-पुण्यात येऊन राहणाऱ्यानं चार शब्द मराठी शिकावं, अशी आपली अपेक्षा असते. माझीही आहे आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. मग आपण तंजावरच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याशी हिंदीत का सुरू होतो? आणि त्याला नाही समजलं तर ‘हे लोक मुद्दाम बोलत नाहीत’ असं का म्हणतो? वणक्कम म्हणजे नमस्कार. नन्री, आभार. एव्वळवु, किती झाले? तण्णी, पाणी. आणि केळीच्या पानावर तिसऱ्यांदा भात पडायला लागला की पोदुम, पुरे. पाच शब्द. विमानतळावरच्या रांगेत पाठ होतात.

तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत. नावापुढे राव, घरात मराठी, दारापलीकडे तमिळ. त्यांची मराठी आपल्या कानाला वेगळी लागते. कुणाशी ओळख झालीच तर ‘अरे, तुमची मराठी बिघडली’ असं म्हणू नका. कदाचित तीत आपण हरवलेले शब्द सांभाळलेले असतील. आणि ‘परत कधी येणार?’ असंही विचारू नका. ते कुठंही गेलेले नाहीत, आपल्याच गावात आहेत.

वाड्यातल्या कलादालनात चोळांच्या काळातल्या पंचधातूच्या मूर्ती आहेत. तिथं तिरुवेण्काडूहून आणलेला एक शिव आहे, १०११च्या सुमाराचा. डोक्यावर जटांचंच पागोटं, कमरेत किंचित वाकलेला, एक हात शेजारच्या नंदीच्या पाठीवर टेकलेला. फक्त नंदी तिथं नाही. तो कधीच हरवला. हात तसाच हवेत आहे, निवांत, मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा. त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की नसलेला नंदी दिसायला लागतो. दोन मिनिटांत दिसत नाही, मी करून पाहिलंय.

तर मेसेजला उत्तर: नाही, तंजावर अर्ध्या दिवसात होत नाही. तीन रात्री काढ. देऊळ सकाळी सहाला आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बघ. दुपारी कलादालन, एक सकाळ तिरुवैयारू. मराठी शिलालेख वाच, पण चारशे जणींच्या यादीची भिंत आधी शोध. सांबार खा, कुणाचं ते विचारू नकोस. आणि निघण्याआधी ते पाच शब्द पाठ कर, मी फोनवर म्हणवून घेणार आहे.