सरकारी खाट आणि सहा महिन्यांची मुदत

दिल्ली महापालिकेच्या रुग्णालयात उपचारात हलगर्जी झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा करायचा, तर १९५७च्या महापालिका कायद्याचे कलम ४७८ आडवे येते. आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. मुंबईच्या १८८८च्या कायद्यातील कलम ५२७ त्याच कुळातले. तेथे नोटीस एका महिन्याची, मुदत तीच. नोटिशीचा काळ मुदतीत धरला जात नाही, एवढाच दिलासा. उशिराने आलेला दावा कितीही खरा असला, तरी विलंब माफ करण्याची मुदत कायद्यातील कलम ५ची सवलत दाव्यांना लागू नाही.

खासगी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षे मिळतात आणि सबळ कारण असल्यास विलंबही माफ होतो. सर्वांना मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालये मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याच्याच वाट्याला अरुंद दरवाजा.

नोटिशीमागचा हेतू वाईट नाही. डॉक्टरांच्या बदल्या होतात, कागद गहाळ होतात. वेळीच कळले तर सरकारला चौकशी व तडजोड करता यावी. पण केंद्र व राज्य सरकारांना लागू असलेल्या कलम ८०च्या नोटिशींना बहुधा उत्तरच दिले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच २००५ साली नोंदवले. विधी आयोगाने तर १९५८च्या अहवालातच हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली होती. ते टिकले.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदी शस्त्रक्रियेनंतर पोटात बोळा राहून एका महिलेचा मृत्यू झाला. शासनाची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली ती १९९६ साली. भरपाई ३६ हजार रुपये. तेहतीस वर्षे थांबू शकणाऱ्या यंत्रणेने रुग्णाच्या सातव्या महिन्याची तक्रार करावी, हे विलक्षणच.

न्यूयॉर्कमध्ये महापालिका रुग्णालयांसाठी नोटिशीची मुदत अवघी ९० दिवसांची आहे. तरीही दाव्याच्या एक वर्ष ९० दिवसांच्या मुदतीत न्यायालय उशिराची नोटीस स्वीकारू शकते. रुग्णालयाला घटनेची माहिती होती का आणि विलंबाने बचावाचे खरेच नुकसान झाले का, हे तेथे पाहिले जाते. आपल्याकडे केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, भूल दिल्याचा तक्ता, सारे रुग्णालयाच्याच कपाटात असते. उपचार आटोपून बिहारला वा विदर्भातल्या गावी परतलेल्या कुटुंबाच्या हाती उरते डिस्चार्ज कार्ड. तेव्हा माहिती नव्हती, ही सबब पालिकेने सांगावी कशी? कलम ४७८ व ५२७मध्ये न्यायालयाला विलंब माफ करण्याचा अधिकार देणारे एक पोटकलम घालण्यास संसद आणि राज्य विधिमंडळ यांना घटनेची अडचण नाही.