‘फक्त प्लेटा टाका’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा

या आठवड्याच्या व्हिडिओत एक्सपल्स २०० चा क्लच उघडून दाखवलाय. कोणता बोल्ट आधी काढायचा ते तिथे बघा. इथे मला त्याच कामामागच्या धंद्याबद्दल बोलायचंय. ज्यांना टू-व्हीलर गॅरेज टाकायचंय त्यांनी तर नक्की वाचा. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

ऑगस्ट २०२२. कासच्या फुलांचा सीझन तोंडावर आलेला. बामणोलीच्या बाजूला टेंट भाड्याने देणारा एक जण साताऱ्यात माझ्या दुकानात आला. गाडी एक्सपल्स. रोज यवतेश्वरचा घाट, मागे तांदळाची पोती, पाण्याचे कॅन, आणि डांबरी रस्ता संपला की टेंटपर्यंत चिखल आणि दगड. तक्रार एकच. ‘दादा, चढाला गाडी नुसती ओरडतीय, पुढं सरकत नाही.’ आणि लगेच पुढे, ‘सीझन आहे, जास्त खर्च नको. फक्त प्लेटा टाका.’

आम्ही उघडलं. फ्रिक्शन प्लेटा संपलेल्याच होत्या. पण त्यांच्या मधल्या स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडल्या होत्या. आमचे मामा, म्हणजे माझे मेकॅनिक, या लाइनीत माझ्या वयाइतकी वर्षं काढलेला माणूस, त्यांनी एक प्लेट माझ्यापुढे धरली. ‘शेठ, ह्या पण गेल्यात. स्प्रिंगा पण दमल्यात.’ मी म्हणालो, गिऱ्हाइकाने सांगितलंय तेवढंच करा.

गिऱ्हाइकाला मी फोनसुद्धा केला नाही. खरं सांगायचं तर बिल वाढलं की तो गाडी उचलून दुसरीकडे नेईल याची भीती वाटली.

तीन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. भरलेली गाडी घाटात अडकली होती, वर टेंटवर पाहुणे येऊन बसलेले. त्याने टेम्पो करून सामान नेलं, तोपर्यंत दोन कुटुंबं निघून गेली होती. सोमवारी तो दुकानात आला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘दादा, तुम्ही उघडलं होतं तेव्हा हे दिसलं नव्हतं का?’

दिसलं होतं. त्याला काय सांगणार?

आता हिशोब बघू. आकडे माझ्या दुकानाचे, त्या वेळचे; तुमच्या गावात वेगळे असतील. पहिल्या कामात मजुरी ६०० आणि प्लेटांवर सुटलेले ३०० असे ९०० रुपये मिळाले, वेळ गेला ३ तास. म्हणजे तासाला ३००. दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही, पार्ट खरेदीच्या भावात दिले. क्लच घसरून ऑइल जळकट झालेलं, ते ५०० चं आणि कव्हरचं पॅकिंग १५० चं, दोन्ही माझ्या खिशातून. ९०० मधले ६५० गेले, उरले २५०. त्यासाठी एकूण ६ तास. तासाला ४२ रुपयेसुद्धा पडले नाहीत. तेच काम पहिल्यांदा नीट केलं असतं तर मजुरी १०००, पार्टवर ७००, वेळ ४ तास. तासाला ४२५. बीबीएला कॉस्टिंगचे पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवले होते, पण परत आलेल्या कामाचा खर्च म्हणजे काय ते त्या सोमवारी कळलं. त्याची बुडालेली दोन बुकिंग तर या हिशोबात धरलेलीच नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अर्धवट क्लचचं काम घेऊच नका. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

याचा अर्थ सगळं बदला असा नाही, हेही तेवढंच जोरात सांगतो. ‘पूर्ण सेटच टाकावा लागेल’ असं गाडी न उघडता सांगणारे पण आहेत आणि ती सरळ लूट आहे. मधला रस्ता एकच, मोजा. आधी तर केबलच बघा. लिव्हरला प्लेच नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही आणि चांगल्या प्लेटा असूनही घसरतो. हे पाच मिनिटांत ॲडजस्ट होतं. मी त्याचे पन्नास रुपये घेतो आणि घरी पाठवतो. असं परत पाठवलेलं गिऱ्हाईक पुढे भावाची गाडी, मेव्हण्याची गाडी घेऊन येतं.

केबल ठीक असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. मग उघडा. फ्रिक्शन प्लेटची जाडी वर्निअरने मोजा. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून खालून फिलर गेज घाला, वाकलेली असेल तर कळतंच. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, तापून तापून ती कमी होते. प्रत्येक मापाची मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. अंदाजपंचे नको.

आणि एक जागा बरेच जण बघतच नाहीत. क्लच हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांचे कान आपटून आपटून खाचा पडतात. खडकाळ रस्त्यावर, पहिल्या गिअरला, अर्धा क्लच दाबून चालणाऱ्या गाडीत तर जास्तच. नवीन प्लेट त्या खाचेत अडकते, मग क्लच दाबला तरी पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल सापडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, नवीन टाकूनही तसंच. खाच बारीक असेल तर कानशीने सगळ्या बोटांवर सारखी घासून चालते. खोल असेल तर हाउसिंग बदलावं लागतं, त्यासाठी मधला नट काढायचा आणि हब धरायला होल्डर लागतो. काम वाढलं, मजुरी वाढली. हे आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो. काम झाल्यावर बिलात लिहिलं तर भांडण होतं.

बसवतानाच्या दोन-तीन गोष्टी व्हिडिओत घाईत गेल्या, त्या इथे. नवीन फ्रिक्शन प्लेटा कोरड्या बसवू नका, आधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. प्लेटा काढतानाच मोबाइलवर फोटो काढा, काही गाड्यांत एखादी प्लेट वेगळी असते आणि तिची जागा ठरलेली असते. कव्हरचे बोल्ट लांबीला सारखे नसतात, एका पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्यात खोचत जा. स्प्रिंगचे बोल्ट जोर लावून पिळू नका, खालचे खांब ॲल्युमिनियमचे असतात, तुटले की काम बसल्या जागी दुप्पट होतं. ऑइल बाइकचंच घ्या, डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं बघून. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे तो नवा असला तरी घसरायला लागतो.

आणि पॅकिंग हातात आल्याशिवाय कव्हर उघडू नका. उघडी गाडी पार्टची वाट बघत दोन दिवस उभी राहिली की तेवढी जागा अडते, आणि छोट्या दुकानात जागा म्हणजेच कमाई.

मामांचं आणि माझं यावर आजही पटत नाही. त्यांचं म्हणणं, ‘शेठ, गिऱ्हाईक लक्ष्मी आहे, दारातून परत पाठवायचं नसतं. त्याच्याकडे आज तेवढेच पैसे असतील तर?’ प्रश्न खोटा नाही. खेडेगावात पगार महिन्याला नाही, पिकाला होतो. म्हणून ओळखीच्या माणसाला मी दोन हप्ते देतो, निम्मे आज, निम्मे महिन्याभरात, वहीवर सही घेऊन. एक-दोन हप्ते बुडालेत. ते मी सहन करतो. पण निळ्या प्लेटांवर नवीन प्लेट चढवून गाडी घाटात पाठवणार नाही.

आता आमच्याकडे पद्धत अशी आहे. उघडून मोजायचे वेगळे पैसे, ३०० रुपये, आधीच सांगून. काम आमच्याकडे केलं तर ते मजुरीत वळते. मापं जॉब कार्डवर गिऱ्हाइकासमोर लिहायची, मॅन्युअलची मर्यादा शेजारी. जुना माल पिशवीत भरून त्याच्या हातात. सुरुवातीला लोक हसले. ‘बघायचे पण पैसे?’ काही जण गेले. पहिल्या दोन महिन्यांत क्लचची कामं खरंच कमी झाली आणि मला रात्री झोप लागत नव्हती. पण क्लचचं परत आलेलं काम त्यानंतर एकच, तेही केबलचं.

टेंटवाला मात्र पुन्हा आला नाही. त्याची गाडी अधूनमधून पोवई नाक्यावर दिसते, चांगली पळतीय. क्लच कुठे करतो माहीत नाही.

तुम्ही गॅरेज सुरू करत असाल तर पहिल्या महिन्यातच वर्निअर, फिलर गेज आणि काचेचा एक तुकडा घ्या. बोर्डावर लायटिंग नंतर लावा. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं छापून घ्यायचं ते दाखवतो. तुमच्या भागात क्लच उघडायची मजुरी काय चालते ते तोपर्यंत लिहून ठेवा, त्यावरच तासाचा दर काढू.