भिंतीची ओल आणि डब्यावरील वर्षे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे, की घरास बाहेरून दहा वर्षांच्या हमीचा महाग रंग द्यावा, की नेहमीप्रमाणे चुन्यावरच भागवावे? कन्येचे लग्न दोन वर्षांवर आलेले, तेव्हा खर्च काय तो एकदाच व्हावा अशी त्यांची इच्छा. घराचा खालचा मजला आजोबांच्या काळचा, दगड-चुन्याचा; वरचा अलीकडील, विटा-सिमेंटचा.

टिकाऊ रंगाची गोष्ट निघाली, की ग्वाल्हेरकराची दृष्टी किल्ल्याकडे वळणारच. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल 1486-1516) याच्या मानमंदिरावरील निळ्या-हिरव्या फरशा अद्याप चमकतात. 1528 साली बाबराने हा महाल पाहिला, आणि हिरव्या फरशांतील केळीची झाडे व मुलामा दिलेल्या तांब्याने मढविलेले घुमट यांची नोंद आपल्या आठवणींत केली. घुमटांवरचा मुलामा गेला. केळी उभ्या आहेत. परंतु या फरशा भट्टीत भाजलेल्या, त्यांचा रंग म्हणजे काच. डब्यातील रंग हा राळेचा पातळ पापुद्रा होय. येथे मे-जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो. उन्हाने ती राळ हळूहळू झिजते आणि भिंतीवरून हात फिरविला तर पीठ हाताला लागते. महाग रंगात राळ अधिक व चांगल्या जातीची असते, म्हणून तो अधिक टिकतो. एवढ्यापुरते दुकानदाराचे म्हणणे खरे आहे.

मात्र पापुद्रा उन्हाने झिजण्याआधी आतून सुटतो, ही आमची खरी तक्रार आहे. जुनी दगड-चुन्याची भिंत जमिनीतील ओल शोषून घेते व बाहेर टाकते. चुन्याची सफेती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखी होते, पण तिच्यातून ओल सुटू शकते. दाट, लवचीक लेप दिला की ओल व क्षार मागे अडकतात, फुगे येतात आणि पोपडे निघतात. कधी गिलावाही बरोबर येतो. हमीपत्र अशा वेळी उपयोगी पडेलच असे नाही. ओलीचे नुकसान बहुधा त्यातून वगळलेले असते, आणि भरपाई मिळालीच तरी पुष्कळदा रंगाची मिळते, मजुरीची नव्हे. ते बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे.

आता हिशेब. समजा, साध्या रंगाच्या कामाला 100 रुपये लागले. त्यांत रंगाचे 40 आणि परांची, खरवडणे व रंगारी यांचे 60. रंग दुप्पट महाग घेतला तर खर्च 140. साधा रंग चार वर्षे व महाग आठ वर्षे टिकला, तर वर्षाला 25 ऐवजी साडेसतराच पडतात. तोच महाग रंग ओल्या भिंतीवरून तीन वर्षांत उतरला, तर वर्षाला जवळजवळ 47!

म्हणून आधी भिंत पाहावी. हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस दव दिसले, तर रंगाऱ्यास परत पाठवून गवंड्यास बोलवावे. दिवाळीपूर्वी घर रंगविण्याची घाई तर फारच महागात पडते. पाऊस जुलै ते सप्टेंबरात कोसळून गेलेला, भिंत अजून पाणी धरून असते. नाताळाच्या तोंडावर काम काढले, तर रात्रीच्या थंडीने हा रंग नीट धरत नाही. नोव्हेंबर हाच त्यातल्या त्यात बरा महिना.

या गृहस्थांस आमचे सांगणे असे: वरच्या मजल्याच्या भेगा बुजवून, प्रायमर देऊन महाग रंगाचे दोन हात द्यावेत, तेथे परांचीचा खर्च मोठा, म्हणून वर्षे वाचविण्यात अर्थ आहे. खालच्या मजल्यास चुनाच द्यावा. तो वरचेवर द्यावा लागेल खरा, पण तेथे शिडी पुरते. दोन मजले दोन रंगांचे दिसतील, अशी घरातून कुरकुर होईल. वरच्या रंगाची छटा चुन्याशी जुळवून घेतली तर ती बरीच कमी होईल. आणि गच्चीच्या पन्हळीतून मागील भिंतीवर पाणी गळत असल्याचे त्यांनीच पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहिले आहे. ती पन्हळ पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावी, आणि नोव्हेंबरात भिंत कशी आहे ते आम्हांस कळवावे.