गुण औषधाचा की नावाचा?

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या गांधी चौकात सायंकाळी एखाद्या औषध दुकानासमोर घटकाभर उभे राहावे. चिठ्ठीविना आलेले गिऱ्हाईक पॅरासिटामॉल मागत नाही. क्रोसिन मागते, डोलो मागते. दुकानदाराने त्याच द्रव्याचे, त्याच मात्रेचे स्वस्त पाकीट पुढे केले की कपाळावर आठी उमटते. ‘चांगल्या कंपनीचे द्या,’ असे बजावले जाते. सुशिक्षित घरेही या आग्रहाला अपवाद नाहीत.

वास्तविक पॅरासिटामॉलवर आज कोणाचीही मक्तेदारी नाही. हे द्रव्य एकोणिसाव्या शतकातच तयार झाले होते. नामांकित आणि बिननावाच्या, दोन्ही गोळ्यांना भारतीय औषधकोशाचे एकच मानक लागू आहे. पाकिटावरील ‘आय.पी.’ या अक्षरांचा अर्थ तोच. गोळीत द्रव्य किती असावे, अशुद्धी कितीपर्यंत चालावी, हे त्या ग्रंथात ठरलेले आहे. सप्टेंबर २०१८ पासून तर काही मिश्रणे वगळता मूळ द्रव्याचे नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. अक्षरे मोठी झाली. वाचणारे डोळे मात्र जाहिरातीवरच खिळले आहेत.

लातूरच्या उद्योग भवन परिसरातील शिकवणी वर्गांत मराठवाड्यातील हजारो मुले ‘नीट’ची तयारी करतात. रसायनशास्त्राची सूत्रे त्यांना मुखोद्गत असतात. त्यांच्याच घरी ताप आला की दुकानात मागितले जाते ते दूरचित्रवाणीवर ऐकलेले नाव! ‘लातूर पॅटर्न’ देशभर गाजला. घरातल्या औषधाच्या डब्यापर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, ही समजूत यामागे आहे. तिची परीक्षा झाली पाहिजे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला, न्या. लेंटिन आयोगाने त्या कारभाराचे वाभाडे काढले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विसांवर बालके ज्या विषारी खोकल्याच्या औषधाने दगावली, त्याला ‘कोल्ड्रिफ’ हे ब्रँडचे नाव होते. धोका तपासणीच्या अभावात असतो. नाव त्यापासून वाचवत नाही. म्हणूनच मागणी करायची तर औषध निरीक्षक आणि प्रयोगशाळा वाढविण्याची केली पाहिजे.

भारतीय जेनेरिक औषधांची योग्यता जगाने केव्हाच मान्य केली. १९७० च्या पेटंट कायद्याने स्वदेशी औषधउद्योगाला बळ दिले आणि २००१ मध्ये सिप्लाने एड्सची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. आफ्रिकेतील रुग्णांनी ज्यावर प्राणांचा भरवसा ठेवला, ते नांदेडच्या मध्यमवर्गाला मात्र हलके वाटते! याला गुणग्राहकता म्हणावे की न्यूनगंड?

दोष केवळ गिऱ्हाइकाचा नाही. ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने हटवावीत, असे हाथी समितीने १९७५ मध्येच सुचविले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नाव लिहिणे सक्तीचे केले आणि विरोध होताच त्याच महिन्यात नियम स्थगित केला. काही दुकानदार स्वस्तात घेतलेले जेनेरिक छापील चढ्या किमतीलाच विकतात. सवलत रुग्णापर्यंत पोहोचतच नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वादाचा निवाडा काहीही असो. बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी ज्याच्या हाती पडते, त्या शेतमजुराला नावाचे मोल परवडणारे नाही.

२००८ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील जनऔषधी केंद्रे आज दोन्ही शहरांत आहेत. तेथील औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावी, असा योजनेचा दंडक आहे. अपस्मार किंवा थायरॉइडचे औषध डॉक्टरांना विचारल्याविना बदलू नये, हे खरेच. पण ताप, अंगदुखी, आम्लपित्त यांसाठी पाकीट उलटून द्रव्य, मात्रा, मुदत आणि किंमत वाचावी, पावती घ्यावी. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत दहा घरांना एवढे वाचायला शिकवले, तरी ती मोठी सेवा ठरेल.