गरोदर बाईचा ताप आणि न विचारलेला प्रश्न

गरोदर बाईला ताप आला की आपल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "दिवसांत आहे, उगाच औषधं नकोत." दुसरं, "आधी रिपोर्ट येऊ द्या, मग बघू." दोन्ही वाक्यं काळजीपोटीच येतात. पण काही ताप असे असतात की त्यांत ही काळजीच बाईच्या आणि बाळाच्या जिवावर उठते. गोचिडीपासून होणारे ताप त्यांतलेच.

हे दूरच्या जंगलातलं दुखणं आहे असं कुणी समजू नये. माकडताप सिंधुदुर्गात येऊन पोचला आहे. १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसंही तापाने फणफणली आणि हा विषाणू सापडला. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरीत दिसला, २०१६ साली दोडामार्गात आणि त्यानंतर सावंतवाडीच्या बाजूला. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. बागेत बोंडू गोळा करणं, पालापाचोळा ओढणं, जळण आणणं ही कामं बायका करतात. सहावा महिना लागला म्हणून ती कामं कुणाची थांबत नाहीत. शिवाय गोचिडीतून रिकेट्सिया नावाच्या जंतूचा तापही होतो. स्क्रब टायफस हा त्याचाच चुलतभाऊ. तो गोचिडीने नव्हे, तर गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांनी होतो. पण लक्षणं आणि उपचार बरेच सारखे.

आता "औषधं नकोत" या वाक्याकडे येऊ. माकडतापावर विषाणू मारणारं खास औषध नाही. तिथे वेळेवर दाखल होणं, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, प्लेटलेट तपासत राहणं हाच उपचार. रिकेट्सियाच्या तापावर मात्र स्वस्त आणि जुनी औषधं आहेत, आणि ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण अशी की गरोदर बाईला "सुरक्षित" म्हणून जी अँटिबायोटिक्स सहज लिहून दिली जातात, म्हणजे अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातली, ती या जंतूला लागूच पडत नाहीत. गोळ्या चालू असतात, घरच्यांना समाधान असतं आणि आजार आत पुढे सरकत असतो. जे औषध लागू पडत नाही ते सुरक्षित कसं म्हणायचं?

इथे नेहमीचं औषध डॉक्सिसायक्लिन. गरोदरपणात ते टाळायचं असं डॉक्टर शिकलेले असतात, आणि त्याला कारणही आहे. म्हणून आपल्याकडे अशा वेळी सहसा ॲझिथ्रोमायसिन निवडतात. आजार जिवावर बेतणारा असेल तर डॉक्टर फायदा-तोटा तोलून डॉक्सिसायक्लिनचाही विचार करू शकतात. कोणतं आणि किती द्यायचं हे त्यांनीच ठरवावं, दुकानातून आणून घेऊ नये. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तस्रावाची भीती असते आणि पुढच्या महिन्यांत आयब्युप्रोफेन बाळाच्या मूत्रपिंडालाही अपाय करू शकतं.

दुसरं वाक्य, "रिपोर्ट येऊ द्या." रिकेट्सियाच्या नेहमीच्या रक्ततपासण्या शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात आणि ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. पहिल्या चार-पाच दिवसांतला निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नव्हे. माकडतापाचं उलट आहे. तिथे सुरुवातीच्या दिवसांतच रक्तात विषाणू सापडतो, म्हणून नमुना लवकर घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत जायला हवा. दोन्हीकडे अर्थ एकच: शंका आल्या दिवशी हालचाल करायची. रिपोर्ट शंकेची खात्री करायला असतो, उपचार अडवून धरायला नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी, सहावा महिना, तीन दिवस तापाने पडून होती. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, प्लेटलेट कमी. एका दवाखान्यात सांगितलं की गरोदरपणामुळेही असं होतं, थांबून बघू. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या एका गंभीर विकारातही प्लेटलेट घटतात आणि यकृताचे आकडे वाढतात हे खरंच आहे, त्यामुळे डॉक्टरांचाही गोंधळ होऊ शकतो. पण आठवड्यापूर्वी तिने घरच्या शेळ्यांच्या अंगावरच्या गोचिडी हातांनी काढल्या होत्या, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरने विचारलं आणि उपचाराची दिशा बदलली. मुलगी वाचली. बाळ वेळेआधी आलं, पण आलं.

त्या तीन दिवसांत घरात काय चाललं होतं? नवरा कुवेतला, त्याचा फोन येईपर्यंत शहरात न्यायचं की नाही ठरेना. सासू म्हणाली, दम करून आणू. दम करावा, दुआ मागावी, त्याला कुणाची ना नाही. पण दुआ ॲम्ब्युलन्समध्ये बसूनही मागता येते. आजारावर इलाज करायला पैगंबरांनीच (स.) सांगितलं आहे, तेव्हा इलाज लांबवणं हे तवक्कुलचं लक्षण नाही. आणि निर्णय कुणाचा? जिच्या अंगात ताप आहे तिचा. नवऱ्याला कळवावं, पण परवानगीसाठी थांबू नये. बाळ अमानत आहे असं आपण म्हणतो, मग ती अमानत जिच्या पोटात आहे तिचा जीवही अमानतच आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. स्क्रब टायफसमध्ये, आणि कधीकधी गोचीड-तापातही, चाव्याच्या जागी छोटी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीपाशी दडलेली असते. दुखत नाही, म्हणून बाईला स्वतःलाही कळत नाही. अंगभर तपासल्याशिवाय ती सापडत नाही. लेडी डॉक्टर असेल तर उत्तम. नसेल तर नर्स किंवा घरातली बाई बघू शकते. कुणीच नसेल तर पुरुष डॉक्टरने बघावं. जिवाची गरज असेल तिथे शरीयत मुभा देते, हे मदरशातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. पर्द्याच्या नावाखाली तपासणी अपुरी ठेवणं हा धर्म नाही.

रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे काजूच्या आणि माकडतापाच्या हंगामात. तापात रोजा धरून पाणी न पिणाऱ्या गरोदर बायका मी पाहिल्या आहेत. आजाऱ्याला सवलत आहे, गरोदर बाईलाही आहे. रोजे नंतर भरून काढता येतात. घरातल्या मोठ्यांनी तिला हे आपणहून सांगावं. तिने विचारायची वाट बघू नये.

बकरी ईदबद्दलही बोलायला हवं. ईदच्या आधी बकरा दारात बांधला जातो, मुलं त्याच्याशी खेळतात आणि त्याची साफसफाई बहुतेक वेळा बाईकडे येते. २०११ साली गुजरातमध्ये क्रायमियन-काँगो ताप भारतात पहिल्यांदा निश्चित झाला. तो जनावरांवरच्या एका जातीच्या गोचिडीतून आणि जनावराच्या रक्तातून पसरतो, पण जनावर मात्र आजारी दिसत नाही. तिथे आधी एक बाई दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व नर्सही गेले. म्हणून गोचिडीचा संबंध सांगणं ही आपल्याबरोबर डॉक्टरांच्याही जिवाची गोष्ट आहे. कुर्बानी करू नका असं मी म्हणत नाही, नीट शिजवलेल्या मटणाची भीतीही नाही. गरोदर बाईला गोठ्याच्या आणि ताज्या रक्ताच्या कामातून सुट्टी द्या, एवढंच म्हणतो.

अंगाला गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, चटका, तेल यांतलं काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांत चिरडू नये, जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना दाखवावी. माकडतापात ताप उतरून पुन्हा उलटू शकतो, हेही ध्यानात असावं.

आशाताई घरोघर जातात, लोहाच्या गोळ्या देतात, वजन लिहितात. त्यांच्या वहीत आणि डॉक्टरांच्या तोंडी एक प्रश्न पक्का बसायला हवा: "गेल्या दोन आठवड्यांत रानात, बागेत किंवा गुरांत गेली होतीस का?" जुम्म्याच्या बयानात हंगामापुरती पाच मिनिटं यासाठी मिळाली तर ती वाया जाणार नाहीत. पण बयान पुरुष ऐकतात. त्यांनी घरी जाऊन ते सांगितलं तरच उपयोग, आणि ताप आल्यावर गाडी काढली तर त्याहून जास्त.