सोबतीला मित्र असला म्हणजे

दिवाळी उलटली आणि सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, बाबांना मित्राबरोबर दोन दिवस फिरायला जायचे आहे. जाऊ द्यावे का?" प्रश्न मुलगा किंवा सून विचारते, ज्यांना जायचे असते ते शेजारच्या खुर्चीत निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखे गप्प असतात. रक्तदाब व साखर आटोक्यात असेल, छातीत दुखत नसेल, अलीकडे तोल जाऊन पडणे झालेले नसेल, तर माझे उत्तर बहुधा 'जाऊ द्या' हेच असते.

वाचकहो, मुलांबरोबरचा प्रवास आणि मित्राबरोबरचा प्रवास यांतील फरक वैद्यकीयही आहे. मुलांबरोबर गेलेला वृद्ध दमला तरी सांगत नाही. आपल्यामुळे साऱ्यांचा खोळंबा होईल, या संकोचाने तो धाप लपवीत चालत राहतो. समवयस्क मित्राला मात्र "अरे, बसू या जरा" असे सहज म्हणता येते; त्याचेही गुडघे तेच सांगत असतात. चालण्याचा वेग किती असावा, याची साधी कसोटी अशी, की चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. गप्पा मारत चालणाऱ्या दोघांची ही तपासणी आपोआपच होत राहते.

यासाठी फार दूर जावे लागत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर असा जाणारा नांदेड-लातूर रस्ता एका दमात न कापता मुक्काम करीत पाहावा. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला; आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात उभी राहिली. तेथे अनवाणी चालावे लागते आणि मधुमेहाने तळव्यांची जाणीव बोथट झालेल्याला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. म्हणून ऊन चढण्यापूर्वी जावे, आणि परतल्यावर एकमेकांचे तळवे पाहावेत. स्वतःला वाकून दिसत नाही, ते मित्राला दिसते. लंगरमध्ये मांडी घालणे जमत नसेल तर तसे सेवेकऱ्यांना निःसंकोच सांगावे.

किल्ला म्हटले की चढण, ही समजूत मराठवाड्यात तरी सोडून द्यावी. कंधार, औसा आणि उदगीर हे तिन्ही भुईकोट आहेत. कंधारचा खंदक आणि तटबंदी सावकाश पाहावी. गावाचा इतिहास राष्ट्रकूटांपर्यंत मागे जातो. उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि पुढच्याच वर्षी पानिपत घडले. दोन निवृत्त शिक्षक तटाच्या सावलीत बसले, तर एवढ्या एका विषयावर त्यांची दुपार सरते. लातूरची गंजगोलाई मात्र संध्याकाळची. सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या त्या वर्तुळाला एक फेरी मारली तरी पुरेसे चालणे होते. माहूरगडाच्या पायऱ्यांचा हट्ट गुडघे दुखणाऱ्यांनी धरू नये. चढण्यापेक्षा उतरताना सांध्यांवर भार अधिक येतो.

खर्चाची सबब आता फारशी उरलेली नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. महिलांना २०२३ पासून सर्वच वयांत अर्धे तिकीट पडते. तरीही आजींना मैत्रिणीबरोबर जाऊ द्यावे का, असे मला क्वचितच कोणी विचारते. त्यांना जायचे असेल, हेच घरात कोणाच्या मनात येत नाही. घरी विचारून पाहावे, ही माझी विनंती आहे.

प्रवासात मला सर्वाधिक भीती वाटते ती पाणी न पिण्याची. बसस्थानकावरील स्वच्छतागृह नकोसे म्हणून अनेकजण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून घोटभरही पीत नाहीत. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उतरताना उभे राहताच चक्कर येते. पाणी थोडे थोडे पीत राहावे आणि बस थांबली की आधी स्वच्छतागृह गाठावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण लांबवू नये. घाम, थरथर आणि असंबद्ध बोलणे दिसले तर मित्राने लगेच साखर द्यावी. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा.

निघण्यापूर्वी दोघांनी आपापल्या औषधांची चिठ्ठी आणि मुलांचे फोन क्रमांक एकमेकांच्या खिशात द्यावेत. स्वतःच्या खिशातील चिठ्ठी ऐन वेळी सापडत नाही. आणि मुलांनी सकाळ-संध्याकाळ एकेकदा फोन करावा. दर अर्ध्या तासाला नको.