हिमस्खलन : कडा पाडण्याआधी माणसे हलवावी लागतात

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, बर्फ पडत नाही. पण बर्फाची झळ या भागाला परकी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू आला. त्या मृत्यूचे कारण हिमस्खलन नव्हते. मात्र, जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरमधील गुरेझ येथे कोसळलेल्या हिमकड्यांनी शेजारच्या अकोला जिल्ह्यातील दोन जवानांचा बळी घेतला होता. त्यामुळे हिमस्खलन रोखता येते काय, हा प्रश्न विदर्भातील अनेक घरांचाही आहे.

हिमस्खलन सहसा रोखता येत नाही. पण ते केव्हा व्हावे, हे काही प्रमाणात ठरविता येते. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जुन्या, ठिसूळ थरावर नव्या बर्फाचा जड थर साचतो. हा साठा प्रचंड होण्यापूर्वीच स्फोटाच्या धक्क्याने तो खाली आणणे, हे कृत्रिम हिमस्खलनाचे तत्त्व. कॅनडातील रॉजर्स खिंडीत महामार्ग व रेल्वेच्या रक्षणासाठी तेथील लष्कर १०५ मिलिमीटरच्या तोफा डागते. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीत उतारावर बसविलेल्या नळीत प्रोपेन व ऑक्सिजनचे मिश्रण दूरनियंत्रणाने पेटविले जाते. बर्फात पुरलेल्या स्फोटकापेक्षा पृष्ठभागाच्या थोडा वर झालेला स्फोट अधिक परिणामकारक ठरतो, हे चाचण्यांतून दिसून आले आहे.

या पद्धतींना मर्यादाही आहेत. स्फोटानंतर बर्फ घसरला नाही, म्हणजे उतार सुरक्षित झाला, असे नव्हे. न फुटलेला तोफगोळा उन्हाळ्यात नवे संकट ठरतो. शिवाय, खालचा परिसर आधी पूर्ण रिकामा करावा लागतो आणि भारतापुढील खरी अडचण हीच आहे. रस्ता काही तास बंद ठेवता येतो. नियंत्रण रेषेवरील चौकी सोडता येत नाही, तेथे स्फोट करणेही सामरिकदृष्ट्या नाजूक असते. म्हणून या पद्धतींच्या चाचण्यांना सीमेवरील चौक्यांपेक्षा हिमालयातील रस्त्यांवरच अधिक वाव आहे.

भारतात या विषयाचा अभ्यास नवा नाही. हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंडीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर सिक्कीममध्ये हिमस्खलनाचा वेध घेणारे रडार कार्यान्वित झाले. हिमकडा सुटताच तीन सेकंदांत त्याची नोंद घेण्याची त्याची क्षमता आहे.

तथापि, केवळ तंत्रज्ञानाने जीव वाचत नाहीत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळून ८ मजुरांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशीच चमोली जिल्ह्यासाठी धोक्याचा इशारा देण्यात आला होता. इशारा मिळताच छावणी हलविण्याचे बंधन आणि त्यासाठी सुरक्षित पर्यायी जागा नसेल, तर रडारचे तीन सेकंद किंवा तोफेचा अचूक नेम फारसा उपयोगी पडणार नाही. हिमकडा पाडण्याचे तंत्र जगाकडून घेता येईल; वेळेवर माणसे हलविण्याची शिस्त मात्र येथील यंत्रणेलाच लावून घ्यावी लागेल.